टपालातून आमेन चालत नाही

४ फेब्रुवारी

दादांस शालोम.

तुमच्या धाकट्या बहिणीचं आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. ती आहे. श्वास यंत्राचा आहे, अन्न नळीतून जातं, पण आहे. मेंदूत गेलेला ताप उतरला आणि गेल्या आठवड्यात डोळेही उघडले. मी वेड्यासारखा सगळ्या वॉर्डाला सांगत सुटलो. मग कळलं, की डोळे उघडणं आणि जागं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर कानाशी वाकून मोठ्याने म्हणतात, "हात दाबा बघू. इकडे बघा." ही छताकडे बघते. मी हाक मारतो, लेक हाक मारते. ही छताकडेच बघते. गळ्याला भोक पाडून नळी बसवली आहे. तिच्या पट्ट्यांमुळे चष्मा नीट बसत नाही, म्हणून तो काढून खणात ठेवला आहे. चष्म्याशिवाय तिचा चेहरा मला परक्या बाईचा वाटतो.

तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला. पण मला शास्त्राचं विचारायचं आहे. शास्त्राचा प्रश्न तोंडी विचारू नये, लिहून विचारावा, म्हणजे विचारणाराही जरा विचार करतो, ही तुमच्या वडिलांची शिस्त. त्यांचा जावई झालो तेव्हापासून पाळत आलो आहे. त्यांच्यामागे प्रार्थना चालवणारे हझान तुम्ही, म्हणून आता तुम्हाला विचारतो.

आमच्या घरात देवाचे आभार मानणारी बेराखा मी म्हणायची आणि आमेन हिने म्हणायचं, ही वाटणी लग्नापासूनची. सकाळी उठल्यावरची बेराखा, जेवणाआधीची, पाण्याच्या घोटाआधीची. ती भांडी घासत असो, नाहीतर माझ्यावर रुसलेली असो. रुसलेली असली तर आमेन भिंतीकडे तोंड करून म्हणायची, पण म्हणायची. मी किल्ल्या करणारा माणूस. कानस मारून मारून किल्ली कुलपात घालावी, फिरवावी, की आत खट् होतं. ते खट् झालं नाही तर किल्ली कितीही चकचकीत असो, फुकट. आता मी घरी एकटा बेराखा म्हणतो आणि खट् होत नाही. ती वर जाते, की स्वयंपाकघराच्या छताला लागून खाली पडते, मला कळत नाही.

तर, माझ्याच बेराखेला मी आमेन म्हणू का? आणि हिच्या खाटेजवळ बसून बेराखा म्हटली तर चालेल का? मला वाटतं, इतकी वर्षं जे तोंडून आपसूक आलं, ते एखाद्या दिवशी येईल. कुणाच्या हाकेला नाही आलं तरी बेराखेला येईल. आणि ते होईपर्यंत एक करा. रोज सकाळी आठला मी घरी पाणी पितो. तेव्हा तुम्ही तिकडे आमेन म्हणाल का?

तुमचा,
किल्लीवाला


९ फेब्रुवारी

प्रिय मेहुणे,

पत्र मिळालं. धाकटीचं वाचून काय वाटलं ते लिहीत नाही. तुम्ही शास्त्र विचारलंत, शास्त्र सांगतो.

जेवणानंतरच्या प्रार्थनेतली एक जागा सोडली, तर स्वतःच्या बेराखेला स्वतः आमेन म्हणू नये. आपलीच पाठ आपण थोपटण्यासारखं ते.

खाटेजवळ बेराखा म्हणा, पण जागा स्वच्छ हवी. खाटेला लघवीची पिशवी लटकत असणार. ती उघडी असताना देवाचं नाव घेता येत नाही. तिच्यावर दाट कापड झाका, मग म्हणा. आणि पाण्याची बेराखा तहान लागली असेल तरच. घास अडकला किंवा गोळी गिळायची म्हणून पाणी प्यायलं, तर बेराखा नाही. उगाच म्हटलेली बेराखा म्हणजे देवाचं नाव वाया घालवणं, आणि तिला कुणी आमेनही म्हणायचं नसतं. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. धाकटीने आमेन म्हणावं म्हणून तुम्ही घोटावर घोट घेत बसाल. म्हणून आधीच सांगतो.

राहिलं आठ वाजताचं. टपालातून आमेन चालत नाही. आमेन घाईचं नको, तुटकं नको. ‘देव, विश्वासू राजा’ एवढं मनात म्हणायला लागेल तितकं सावकाश हवं. आणि अनाथ तर मुळीच नको. अनाथ म्हणजे कोणती बेराखा झाली हे ठाऊक नसताना हवेत सोडलेलं. जुनी माणसं म्हणत, अनाथ आमेन म्हणणाऱ्याची लेकरं अनाथ होतात. तुम्ही म्हणाल, ठाऊक आहे ना, आठची, पाण्याची. पण तुम्हाला ठसका लागला, आठचे सव्वाआठ झाले, तर मी कुणाला आमेन म्हटलं? फार पूर्वी कुठल्याशा शहरात एवढं मोठं प्रार्थनाघर होतं म्हणतात, की मागच्यांना आवाजच पोचत नसे. मधल्या चौथऱ्यावर एक माणूस कापड घेऊन उभा राही. बेराखा संपली की कापड हलवी, आणि सगळे आमेन म्हणत. त्यांना ऐकू येत नव्हतं, तरी ते एका छपराखाली होते. आपण नाही.

इथे सगळं ठीक. शाब्बाथला, शनिवारी, प्रार्थनाघरात माणसं जमतात. गुडघा धरला आहे, प्रवास जमणार नाही, नाहीतर आलोच असतो.

लेक अजून शाळेत गणितच शिकवते ना? तिला म्हणावं, मामाला चार ओळी लिहिल्याने बोटं झिजत नाहीत.

दादा


१४ फेब्रुवारी

दादांस शालोम.

घरून पांढरा टॉवेल नेला आणि पिशवीवर झाकला. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "काय हो, पिशवीला थंडी वाजते का?" मी म्हटलं, "तिला नाही, मला लाज वाटते." त्या हसल्या. वॉर्डात हसणारी तेवढी एकच बाई आहे.

माझा स्वभाव तुम्ही बरोबर ओळखलात. पण घोटावर घोट घेत नाही. तहान खरी लागेल अशी सोय करतो. सकाळचं पाणी टाळतो. कोरडी बिस्किटं खातो. मग इस्पितळाचा जिना खालपासून वरपर्यंत चढतो आणि उतरतो. जीभ टाळूला चिकटली, की हिच्याजवळ येऊन बसतो आणि बेराखा म्हणतो, "ज्याच्या शब्दाने सर्व काही झालं". बेराखा आणि घोट यांच्यात थांबता येत नाही, म्हणून लगेच पितो आणि पेल्याच्या काठावरून हिच्याकडे बघतो. ही छताकडे बघत असते. मग मी पुन्हा जिना चढायला जातो.

आम्ही एका छपराखाली आहोत, दादा. तरी आवाज पोचत नाही.

मोठे डॉक्टर भले आहेत. त्यांनी आम्हा दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी विचारलं. (मी नको म्हटलं.) मग म्हणाले, "३ मार्चला पुन्हा बसू. तोवर आवाजाला, हाकेला काहीच उत्तर आलं नाही, तर हे यंत्र कुठवर चालवायचं ते ठरवावं लागेल. तुमच्या दोघांच्या सह्या लागतील." लेक मान हलवत होती. गणिताचं उत्तर आधीच माहीत असल्यासारखी.

बाहेर जिन्यात तिने मला गाठलं. "बाबा, तिला असं भोक पाडून किती दिवस ठेवायचं?"

"तिने आमेन म्हटलं की ठरवू."

"आणि नाही म्हटलं तर?"

मी पायऱ्या उतरायला लागलो.

"तुमचा देव पाण्याच्या घोटाघोटाला हजर असतो ना? मग आईच्या डोक्यात ताप चढला तेव्हा कुठे होता? जिना चढायला गेला होता?"

तिच्यावर रागावू नका. ती बाहेरगावी शिकायला गेली तेव्हापासून तिने बेराखा सोडली, पण आईचे केस रोज तीच विंचरते. नळीचा पट्टा केसांत अडकतो, तो सोडवताना तिचे हात बघवत नाहीत. मी खालपर्यंत उतरलो. पुन्हा जिना चढलो. तहान लागली होतीच.

किल्लीवाला


१८ फेब्रुवारी

प्रिय मेहुणे,

तहान लागायची असते, लावून घ्यायची नसते. तुम्ही पन्नाशीला आलात. जिन्यात कोसळलात तर दोन खाटा लागतील आणि लेक दोघांचे केस विंचरत बसेल. जीव राखा असं सांगणारं शास्त्र तेच आहे, जे बेराखा म्हणा सांगतं. त्यातलं सोयीचं तेवढं घेऊ नका.

यंत्राचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारलंत असं धरतो. जाणाऱ्या माणसाला ढकलू नये, एवढं मला येतं. पण कोण जाणारं आणि कोण राहणारं, हे मला इथे बसून कसं कळावं? त्या उंबऱ्याबाहेर माझ्या ज्ञानाने चपला काढून ठेवल्या आहेत. आत जायची माझी छाती नाही.

लेकीवर मी कशाला रागावू? तिने विचारलं ते मीही विचारतो, फक्त जिन्यात नाही.

एक करा. धाकटी काय काय करते, ते लिहा. डॉक्टरांचं नको, तुमचं. डोळे कुठे जातात, बोट हलतं का, कपाळाला आठी पडते का. तुम्ही कुलपाच्या भोकाला डोळा लावून आत बघणारे. तसं बघा आणि लिहा.

आणि पाणी प्या. बेराखा म्हणून प्या, पण प्या.

दादा


२२ फेब्रुवारी

दादांस शालोम.

तुम्ही बघा म्हणालात. बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

परवा टॉवेल धुऊन नेला होता. पिशवीवर घालण्याआधी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून झटकला. बेराखा अजून म्हटलीच नव्हती. आणि हिचे ओठ हलले. आधी उघडले. मग मिटले. मग जरासे उघडले आणि जीभ वर टाळूला टेकली, टेकून राहिली. आवाज नाही, त्या नळीमुळे येणारही नाही. पण इतकी वर्षं मी ते तोंड बघत आलो आहे. ते आमेन होतं, दादा.

मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. टॉवेल पिशवीवर टाकला, पेला उचलला, त्यांच्यासमोर खणखणीत बेराखा म्हटली. काही नाही. छताकडे. पाणी प्यायलो. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. "चेहऱ्याच्या स्नायूंना असा झटका येतो. वारा लागला तरी येतो. त्यात अर्थ शोधू नका, त्रास होतो."

ते गेले. मग सिस्टर चादर बदलायला आल्या. नवी चादर त्यांनी हवेत झटकली, आणि हिचे ओठ पुन्हा तसेच उघडले, मिटले, उघडले. आमेन. कुणाला? कशाला? खोलीत कुणी अक्षर उच्चारलं नव्हतं.

रात्रभर मला तुमची ओळ दिसत होती. जिथे बेराखा आहे तिथे ही गप्प, आणि जिथे बेराखा नाही तिथे आमेन. याहून अनाथ आमेन कोणतं? ही बाई जन्मभर एक आमेन चुकली नाही, एक उगाच म्हणाली नाही, आणि आता वाऱ्याला आमेन म्हणते. मन गेलं, सवय मागे राहिली. घर पडलं, दार तेवढं उभं, आणि कुलूप अजून फिरतंय. आणि लेकरं अनाथ होतात म्हणालात. आमचं लेकरू एकच आहे.

म्हणून टॉवेल घडी करून खणात ठेवला, तिच्या चष्म्याशेजारी. पिशवी माझ्या कोटाने झाकतो. सिस्टरना सांगितलं, चादर हिच्यासमोर झटकू नका. त्या म्हणाल्या, "तुमचं बाई एकेक नवीनच." खाटेजवळ बेराखा म्हणणं सोडलं. जिना चढणंही सोडलं, तुमचं ऐकलं असं समजा.

काल लेकीला म्हणालो, "३ तारखेला मी सही करीन." मला वाटलं तिला सुटल्यासारखं होईल. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अगदी हिच्यासारखी. मग म्हणाली, "तुम्ही कराल असं मला कधी वाटलंच नव्हतं." आणि रडायला लागली. म्हणजे इतके दिवस ती माझ्या भरवशावर भांडत होती.

मी चुकत असेन तर सांगा. नसेन तर काही लिहू नका, मला कळेल.

किल्लीवाला


२६ फेब्रुवारी

मेहुणे,

हे पत्र उभ्याने वाचा आणि वाचून झालं की बसू नका. तुमचा फोन बंद लागतो, लेकीचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून जलद टपालाने टाकतो आहे. टपालवाल्याने वेळेत दिलं तर त्याचं भलं होवो.

आमच्या घरातली एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. आईने आम्हा दोघांकडून वचन घेतलं होतं आणि जावयाला सांगायची तर मुळीच नव्हती. आज ती आणि वडील दोघंही नाहीत, वचन मोडतो.

आम्ही लहान असताना वडिलांचा घसा गेला. हझानाचाच घसा. पुढे बसलेल्या पुरुषांना जेमतेम ऐकू जायचं. बायका मागच्या खोलीत बसत, मध्ये भिंत आणि भिंतीला एक खिडकी. त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. हे बाहेर फुटलं असतं तर दुसरा हझान आणला असता आणि आम्हाला राहतं घर सोडावं लागलं असतं, कारण घर प्रार्थनाघराचंच होतं. म्हणून घरातल्या घरात ठरलं. मी खिडकीत उभा राहायचो. हातात वडिलांचा पांढरा रुमाल. बेराखा संपली की हलवायचो. आई धाकटीला अगदी पुढे, खिडकीसमोर बसवायची. धाकटी रुमाल बघायची आणि आमेन म्हणायची, आणि तिच्यामागून सगळ्या बायका म्हणायच्या. त्यांना वाटायचं, केवढं पोरीचं लक्ष! वडिलांचा घसा पुढे बरा झाला. पण तोवर ती आमेन रुमालावरच शिकली होती. तुमच्या आवाजाला म्हणायला ती लग्नानंतर लागली. रुमालाला ती बोलायला लागल्यापासून म्हणते.

तुम्ही टॉवेल झटकलात, तिने आमेन म्हटलं. सिस्टरने चादर झटकली, तिने म्हटलं. डॉक्टरांसमोर तुम्ही टॉवेल पिशवीवर टाकलात आणि नुसती बेराखा म्हटलीत, ती गप्प राहिली. मेहुणे, तिला ऐकू येत नाही. डोकं शाबूत आहे, कान गेले. त्या तापाने कान जातात. आमच्या मागच्या घरातल्या चांभाराचे असेच गेले होते. आणि चष्मा तुम्ही लोकांनी खणात ठेवलात. तिला तुमचे ओठ दिसत नाहीत, डॉक्टर दिसत नाहीत, छत तेवढं दिसतं. त्या धुक्यात एकदम काहीतरी पांढरं हललं. तिने काय समजावं? तिने समजलं, भाऊ खिडकीत उभा आहे. कुठेतरी बेराखा संपली. आपण म्हणायचं.

आणि म्हटलं कसं, ते तुम्हीच लिहिलंत. ओठ उघडले, मिटले, उघडले, जीभ टेकून राहिली. झटक्याला एवढी रीत नसते. घाई नाही, तुटकं नाही. माझ्या वडिलांनी पास केलं असतं.

तिचं आमेन अनाथ नाही. अनाथ तुमचा टॉवेल होता. त्याच्यामागे बेराखा उभी करा.

आणखी एक. शाब्बाथला माणसं जमतात असं मी लिहिलं होतं. ते खोटं. कुणी गेलं, कुणी मुलांकडे गेलं. बरेच दिवस प्रार्थनाघर मी एकटाच उघडतो, एकटाच म्हणतो, एकटाच बंद करतो. तुम्हाला कसं सांगणार, की शास्त्र सांगणाऱ्याला उत्तर द्यायला इथे कुणी नाही? तुमचं पहिलं पत्र आल्यापासून रोज आठला मी हातात पेला घेऊन उभा राहतो. आमेन म्हणत नाही. चालत नाही. पण उभा राहतो.

चष्मा घाला तिला. जा.

दादा


४ मार्च

मामा,

चार ओळी लिहिल्याने बोटं झिजत नाहीत म्हणालात. घ्या. बाबा शेजारच्या बाकावर झोपलेत, तोंड उघडं टाकून, म्हणून मी लिहिते.

तुमचं पत्र टपालात अडकून काल सकाळी आलं. मी आधीच इस्पितळात होते. मोठे डॉक्टर, मी, सिस्टर, आणि टेबलावर तो कागद. माझी सही झाली होती. वर्गात इतक्या पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर करते, तशीच केली, आणि पेन खाली ठेवल्यावर तोंडाला असा कोरडेपणा आला की जीभ हलेना. बाबांची जागा रिकामी होती.

बाबा आले ते कुणाकडे न बघता आले. शर्टावर पितळेचा कीस. सरळ खण उघडला, आईचा चष्मा काढला, खिशातून पक्कड काढून त्याच्या काड्या वाकवल्या आणि पट्ट्यांच्या वरून तो तिच्या नाकावर बसवला. इतके दिवस आम्हाला हे सुचलं नाही, मामा. एक पक्कड! मग माझा स्वेटर ओढून पिशवीवर टाकला. पेला भरला. टॉवेल उलगडला.

डॉक्टर म्हणाले, "काय करताय?"

"तहान लागली आहे," बाबा म्हणाले. खरंच लागली होती. पत्र वाचून धावत आले होते, मुद्दाम काही केलं नव्हतं.

बेराखा म्हटली. शेवटच्या शब्दाला एका हाताने टॉवेल हलवला, दुसऱ्या हाताने पाणी प्यायले, निम्मं शर्टावर. आणि आईचे ओठ हलले. तुम्ही लिहिलंय तसेच.

डॉक्टर पुढे झाले. "पुन्हा करा."

"नाही करता येणार."

"का?"

"तहान भागली."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी ओरडले, "बाबा, इथे आईचा जीव चाललाय आणि तुम्ही तहानेचं काय घेऊन बसलात!"

बाबा रडत होते, पण हलले नाहीत. "खोट्या बेराखेला तिच्याकडून आमेन घेऊ? तिने कधी खोट्याला म्हटलं नाही. आता तिला ऐकू येत नाही म्हणून फसवू?"

डॉक्टरांना वेळ नव्हता. "द्या, मी हलवून बघतो," म्हणत त्यांनी टॉवेलला हात घातला. आणि मी तो त्यांच्या हातातून हिसकावला. "रिकामा हलवू नका!" हे माझ्या तोंडून आलं, मामा. माझ्या. सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला.

मला तहान लागली होती. त्या सहीपासून लागली होती. मी पेला घेतला. वाटलं होतं, विसरले असेन. पण ती पाढ्यांसारखी आत होती, सुरुवात केली आणि पुढचे शब्द आपोआप येत गेले. संपताना टॉवेल हलवला आणि प्यायले.

आईने आधी टॉवेलकडे बघितलं. मग डोळे खाली आले, माझ्यावर थांबले. चष्म्यातून. मी जिथे उभी होते बरोबर तिथे. मग तिने म्हटलं. सावकाश, अख्खं. मी कितीतरी वर्षांनी काहीतरी म्हटलं होतं आणि तिने जणू मी रोज म्हणते असं उत्तर दिलं.

मग मी तोच कागद उलटा केला आणि फळ्यावर लिहिते तेवढ्या अक्षरांत लिहिलं: ‘ऐकू येत असेल तर डोळे मिट.’ तिने मिटले नाहीत. खाली लिहिलं: ‘ऐकू येत नसेल तर मिट.’ तिने मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत, आणि कडांतून पाणी आलं. इतके दिवस सगळे तिच्या अंगावर वाकून नुसती तोंडं हलवत होते. तिला काय वाटत असेल, याचा विचार मी आज करत नाही. उद्या करीन.

डॉक्टरांनी कागद मागितला नाही. कान तपासणारे बोलावले आहेत. म्हणाले, श्वास कधी सुटा होईल सांगता येत नाही, ऐकू बहुतेक पुन्हा येणार नाही, आणि तो आजार उलटूही शकतो. म्हणजे पुष्कळ काही वाईट अजून शिल्लक आहे. पण यंत्र चालू राहील.

खाटेवर बाबांनी पाटी लावली आहे: ‘येथे कापड झटकू नये.’ सिस्टर म्हणाल्या, "त्यापेक्षा मला ते शब्द शिकवा. मी दिवसभर तहानलेलीच असते."

आता माझा प्रश्न. लिहून विचारायची शिस्त आहे म्हणून लिहून. मी ती बेराखा देवासाठी म्हटली नाही. आईने उत्तर द्यावं म्हणून म्हटली. देव आहे की नाही, याचा तेव्हा विचारसुद्धा नव्हता. मग ती वाया गेलेली बेराखा धरायची का? माझ्यामुळे आईने खोट्याला आमेन म्हटलं का? बाबांना विचारायचं धाडस होत नाही. ते आजवर एवढे शांत झोपले नव्हते.

तुमची भाची


८ मार्च

बाळ,

तहान लागली होती? पाणी प्यायलीस? मग बेराखा खरी. शास्त्र यापुढे तुझ्या पोटात शिरत नाही, तूही शिरू नकोस. आणि मोठी माणसं सांगून गेली आहेत, की बेराखा म्हणणाऱ्यापेक्षा आमेन म्हणणारा मोठा. त्या दिवशी खोलीत मोठी तुझी आई होती. तुझं जे कमी पडलं असेल ते तिने भरून घेतलं.

गुडघा दुखतोच आहे. दुखू दे. परवाच्या गाडीने निघतो, संध्याकाळी पोचेन. इथल्या प्रार्थनाघराच्या किल्ल्या घेऊनच येतो. आता त्या कुणाकडे देऊन यायच्या, तसं इथे कुणी नाही. वडिलांचा रुमाल सापडला, पिवळा पडला होता, धुतला. टॉवेल तिला फार मोठा होतो. तिला रुमालाची सवय आहे.

तुझ्या बाबांना मी लिहिलं होतं, की तहान लागायची असते, लावून घ्यायची नसते. ते मी लिहिलं होतं याची त्यांना आठवण करून देऊ नकोस. आणि स्टेशनवरून मला आधी घरी नेऊ नका, चहा नको, काही नको. सरळ तिच्याकडे न्या.

वाटेत मी पाणी पिणार नाही.

मामा